शिरोळकडं कोबीला दांडा का सुटत नाही

दादा, गड्डा न काढता उन्हाळ्यापर्यंत राखला, तो कुजला, बी काही धरलं नाही, असं तुम्ही लिहिलंय. दोष जमिनीचा नाही की खताचाही नाही. कोबीचं रोप जून झालं, खोड जाड झालं की त्याला सलग ६ ते ८ आठवडे साधारण ४ ते १० अंशांची थंडी लागते, तेव्हा कुठं फुलोऱ्याचा दांडा सुटतो. आपल्याकडं एवढी थंडी सलग पडतेय कुठं? म्हणून तर कुलू खोऱ्यात आणि काश्मिरात बी पिकवतात.

थंडी कमी लागणारा वाण निघू शकतो. दिल्लीच्या पुसा संस्थेची 'पुसा अगेती' उत्तरेच्या मैदानातही बी देते. पण ते मैदान उत्तरेचं, कोल्हापूरचं नव्हे!

झाडं निवडून, त्यांचंच बी धरत असा वाण काढायचा म्हटलं, तर खरी गोची पुढं आहे. सगळ्यात आधी दांडा टाकणाऱ्या झाडाचंच बी धरत गेलात, तर काही पिढ्यांत गड्डाच न भरणारा कोबी पदरात पडेल. गड्डा घट्ट भरून मग फुलणारीच झाडं राखायची. त्या गड्ड्यावर चाकूनं अधिकच्या चिन्हासारखी बेतानं चीर द्यायची, आतला कोंब दुखवायचा नाही. चीर दिली नाही तर दांडा आतल्या आत अडकतो. एकटं झाड राखून उपयोग नाही, कोबीला स्वतःचा पराग सहसा चालत नाही. मधमाश्या हव्यात. जवळपास फ्लॉवर किंवा नवलकोल फुलावर असेल तर भेसळ ठरलेली. आणि संकरित वाणावर हा खटाटोप करूच नका, पुढची पिढी एकसारखी येत नाही.