नाटोवरची टीका आणि नाटोविरुद्धचा अपप्रचार: रेघ कुठे मारायची?

उत्तरायण (धागाकर्ते)

नाटोबद्दल, म्हणजे अमेरिका-युरोपच्या लष्करी आघाडीबद्दल, काहीही लिहिलं की दुसऱ्या-तिसऱ्या प्रतिसादात भांडण एकाच जागी येऊन अडकतं. एक गट म्हणतो, हा सगळा रशियाचा अपप्रचार. दुसरा म्हणतो, पाश्चात्त्यांविरुद्ध ब्र काढला की लगेच अपप्रचार! माझं मत असं, की एखादं विधान कोणाच्या सोयीचं आहे यावरून ते अपप्रचार ठरवू नये. बनावट सापडली तरच तो शब्द वापरावा. खोटं पत्र, खोटी सही, दुसऱ्याच्या संकेतस्थळात घुसून टाकलेला मजकूर, अस्तित्वातच नसलेला लेखक. यातलं काही नसेल तर मुद्द्याला मुद्द्यानेच उत्तर द्यायचं.

बनावट कशी चालते ते लिथुआनियात अगदी जवळून बघायला मिळतं. १४ फेब्रुवारी २०१७ ला तिथल्या संसदेच्या अध्यक्षांना एक ईमेल आला: योनावा गावात जर्मन सैनिकांनी एका अल्पवयीन मुलीवर बलात्कार केला. जर्मनीच्या नेतृत्वाखालची नाटोची तुकडी शेजारच्याच रुक्ला तळावर तेव्हा नुकती दाखल होत होती. पोलिसांनी शोध घेतला. पीडित मुलगी नाही, साक्षीदार नाही, तक्रारही नाही. सरकारने दोन-तीन दिवसांत हे स्वतःहून जाहीर केलं. त्यामुळे बहुतेक वर्तमानपत्रांत पहिली बातमी आली ती ‘खोटा ईमेल आला’ अशीच. उशीर झाला असता तर मथळा वेगळा असता, आणि तो पुसायला वर्षं लागली असती.

यापुढची पायरी म्हणजे ‘घोस्टरायटर’ मोहीम. फायरआय या सायबरसुरक्षा कंपनीने २०२० मध्ये ती उघड केली; लक्ष्य लिथुआनिया, लाटव्हिया आणि पोलंड. पद्धत साधारण ठरलेली. आधी एखाद्या खऱ्या वृत्तस्थळाची मजकूर चढवायची यंत्रणा फोडायची आणि तिथे खोटी बातमी टाकायची. कधी जुनीच बातमी बदलायची, म्हणजे दुवा जुना आणि विश्वासाचा दिसतो. मग एखाद्या अधिकाऱ्याच्या नावाने पत्रकारांना आणि सरकारी कार्यालयांना तो दुवा ईमेलने पाठवायचा. शेवटी बनावट लेखकांच्या नावाने इंग्रजीत मतलेख लिहून त्यात तोच दुवा आधार म्हणून द्यायचा. मूळ स्थळाने मजकूर काढून टाकला तरी स्क्रीनशॉट फिरत राहतो, आणि ‘बघा, दाबून टाकलं’ हा नवा पुरावा होतो.

एप्रिल २०२० मध्ये नाटोचे महासचिव स्टोल्टेनबर्ग यांचं एक पत्र असंच फिरवलं गेलं. कोरोनामुळे नाटो लिथुआनियातून सैन्य मागे घेते आहे, असा मजकूर. त्याच महिन्यात पोलंडच्या युद्धशास्त्र अकादमीच्या संकेतस्थळावर तिच्याच प्रमुखांच्या नावे पत्र झळकलं, त्यात सैनिकांना ‘अमेरिकी ताब्या’विरुद्ध उभं राहायचं आवाहन. दोन्ही पत्रं बनावट. २०२१ मध्ये मँडिअंट या सायबरसुरक्षा कंपनीने या मोहिमेचे धागे बेलारूसपर्यंत जातात असं म्हटलं, म्हणजे ‘सगळं मॉस्कोतून’ हे गृहीतकही तपासूनच घ्यावं लागतं.

नाटोविरुद्ध लिहिणारा जो माणूस असलं काही करत नाही, त्याला या टोळीत ढकलायला माझा ठाम विरोध आहे.

बारावाटा

असहमत. तुमची कसोटी फार सोपी आहे आणि सराईत माणसं तिला सहज चुकवतात. जो अपप्रचार सगळ्यात जास्त टिकतो त्यात एकही कागद बनावट नसतो. खरा कागद अर्धा दाखवायचा, एवढंच.

‘एक इंचही पूर्वेला नाही’, म्हणजे नाटो पूर्वेकडे सरकणार नाही, हे प्रकरण घ्या. ९ फेब्रुवारी १९९० ला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर मॉस्कोत गोर्बाचेव्हना असं म्हणाले, हे खरं. नोंदी उपलब्ध आहेत. पण चर्चा चालली होती जर्मनीच्या एकीकरणाची. सोव्हिएत गटाचा लष्करी वॉर्सा करार तेव्हा जिवंत होता, तो १ जुलै १९९१ ला विसर्जित झाला. पोलंड किंवा हंगेरी नाटोत येतील का, हा प्रश्न त्या टेबलावर नव्हता. फेब्रुवारी संपायच्या आत अमेरिकेचे अध्यक्ष बुश आणि पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर कोल यांनी ती भाषा सोडूनही दिली. १२ सप्टेंबर १९९० ला मॉस्कोत सही झालेल्या करारात लेखी काय आलं? सोव्हिएत सैन्य गेल्यावरही पूर्व जर्मनीच्या भूमीवर परदेशी सैन्य आणि अण्वस्त्रं ठेवायची नाहीत. बाकीच्या पूर्व युरोपाबद्दल अवाक्षर नाही. खुद्द गोर्बाचेव्ह २०१४ च्या मुलाखतीत म्हणाले की नाटोच्या विस्ताराचा विषय त्या वेळी चर्चेतच नव्हता.

आता फिरणारा फॉरवर्ड बघा: बेकरचं वाक्य, लगेच खाली १९९९ पासूनच्या विस्ताराचा नकाशा, वर ‘विश्वासघात’. तिन्ही घटक सुटे खरे, एकत्र मांडले की खोटे. तुमच्या व्याख्येत याला अपप्रचार म्हणताच येणार नाही, आणि लोकांचं मत घडतं ते याच्यावर. लिथुआनियातल्या त्या पत्राने दोन दिवस गोंधळ झाला. ‘एक इंच’ तीस वर्षं चालतं आहे.

पूर्वपक्ष

बारावाटा, अर्धा कागद तुम्हीही दाखवलात. गोर्बाचेव्ह त्याच मुलाखतीत पुढे असंही म्हणाले की विस्तारामुळे १९९० मध्ये दिलेल्या आश्वासनांच्या आशयाचा भंग झाला. सप्टेंबर १९९३ मध्ये रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन यांनी क्लिंटनना पत्र लिहिलं, त्यातही तक्रार हीच होती: जर्मनीच्या कराराचा आशय पाहता पूर्वेकडे विस्तार बसत नाही. हे पुतिन यायच्या कितीतरी आधीचं आहे. रशियाला हे लागलं होतं, ही वस्तुस्थिती आहे. ती सांगणाऱ्याला क्रेमलिनचा भोंगा म्हणणं अन्यायाचं आहे.

आणि सरकारी प्रचार एकाच बाजूचा असतो का? कोसोवो युद्धात १२ एप्रिल १९९९ ला नाटोच्या विमानाने सर्बियात ग्रदेलित्सा इथल्या रेल्वेपुलावर क्षेपणास्त्र टाकलं, तेव्हा पुलावर प्रवासी गाडी होती. दहाहून अधिक माणसं मेली. त्यानंतर त्याच पुलावर दुसरं क्षेपणास्त्रही पडलं. दुसऱ्या दिवशी नाटोचे सेनापती जनरल वेस्ली क्लार्क यांनी विमानातल्या कॅमेऱ्याची फीत पत्रकारांना दाखवली: वैमानिकाला सेकंदभरही वेळ नव्हता, तुम्हीच बघा. जानेवारी २००० मध्ये ‘फ्रांकफुर्टर रुंडशाऊ’ने दाखवून दिलं की ती फीत मूळ वेगाच्या सुमारे तिप्पट वेगाने चालवली होती. नाटोने तांत्रिक चूक म्हणून कबुली दिली. ही गोष्ट त्यांच्या लक्षात काही महिने आधीच आली होती, पण जाहीर करावीशी वाटली नाही. धागाकर्ते, तुमच्या बनावटीच्या कसोटीवर हे कुठे बसतं?

उत्तरायण

अपप्रचाराच्याच खात्यात, आणि हे लिहायला मला संकोच नाही. रूपांतर करताना वेग बदलला ही चूक मानता येईल. कळल्यावर गप्प बसणं हा निर्णय होता. मात्र नोंद पूर्ण असावी म्हणून: युगोस्लाव्हियासाठीच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाच्या समितीने २००० मध्ये हा हल्ला तपासला, फितीच्या वेगाचा वादही पाहिला, आणि फौजदारी चौकशीची शिफारस केली नाही. त्या निष्कर्षाशी असहमत असायला पुरेपूर जागा आहे. ‘चौकशीच झाली नाही’ असं म्हणायला नाही.

बारावाटा, अर्ध्या कागदाचा मुद्दा मान्य. पण त्यावर उत्तर एकच, उरलेला अर्धा कागद समोर ठेवणं. ते तुम्ही आणि पूर्वपक्ष यांनी मिळून आत्ताच केलं. शिक्का मारून ते झालं नसतं.

नकाशे_आणि_सनावळ्या

मधेच एक दुरुस्ती, कारण हे सारखं येतं: २००३ चं इराक युद्ध नाटोचं नव्हतं. फ्रान्स आणि जर्मनीचा त्याला उघड विरोध होता. फेब्रुवारी २००३ मध्ये तर तुर्कस्तानच्या संरक्षणाच्या तयारीवरूनच फ्रान्स, जर्मनी आणि बेल्जियम यांनी नाटोत अडवणूक केली होती. तेव्हाचे परराष्ट्रमंत्री पॉवेल यांचं इराकच्या संहारक अस्त्रांबद्दलचं सुरक्षा परिषदेतलं भाषण अमेरिकेच्या खात्यावर टाका. नाटोवर टीका करायची तर नाटोची २०११ ची लिबियातली कारवाई घ्या. ब्रिटिश संसदेच्या परराष्ट्र व्यवहार समितीने २०१६ मध्ये लिहिलं की नागरिकांना असलेला धोका नीट तपासलाच गेला नव्हता. तो मुद्दा भक्कम आहे.

मांडवीकाठ

नाटो कराराच्या पाचव्या कलमाबद्दल दोन्ही बाजूंनी इतकं चुकीचं फिरतं की मूळ मजकूर सांगणं भाग आहे. ‘एका सदस्यावर हल्ला झाला की बाकी सगळे आपोआप युद्धात’ असं त्यात कुठेही नाही. हल्ला सर्वांवरचा मानायचा, आणि प्रत्येकाने आपल्याला आवश्यक वाटेल ती कृती करायची. त्यात सशस्त्र बळ येऊ शकतं, यावंच असं नाही. आजवर हे कलम एकदाच लागू झालं, ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर.

सहावं कलम तर कोणी वाचतच नाही, आणि आपला संबंध त्याच्याशीच आहे. पाचवं कलम कुठल्या भूभागाला लागू, ते त्यात ठरतं: युरोप, उत्तर अमेरिका, तुर्कस्तान, आणि कर्कवृत्ताच्या उत्तरेकडची अटलांटिकमधली बेटं. पोर्तुगाल १९४९ पासून नाटोचा संस्थापक सदस्य. गोव्याला पोर्तुगालचा ‘प्रांत’ म्हणून पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार ही ढाल पुढे करत होता. डिसेंबर १९५५ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस आणि पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री कुन्या यांच्या संयुक्त पत्रकात ‘पोर्तुगीज प्रांत’ असा उल्लेख आला आणि भारतात संताप उसळला. पण गोवा येतो १५ अंश उत्तरेला, कर्कवृत्ताच्या बराच खाली, आणि महासागरही वेगळा. १८-१९ डिसेंबर १९६१ ला भारतीय सैन्य आत शिरलं तेव्हा नाटोवर कसलंही बंधन नव्हतं. सुरक्षा परिषदेत पाश्चात्त्यांच्या ठरावावर ७ विरुद्ध ४ असं मतदान झालं, पण तो सोव्हिएत नकाराधिकाराने पडला.

यावरून दोन फॉरवर्ड फिरतात. ‘नाटो गोव्यावर चालून येणार होतं, रशियाने वाचवलं’ हे चूक, कारण कराराने नाटोला तिथे अधिकारच नव्हता. ‘अमेरिका कायम आपल्या बाजूने होती’ हेही चूक. त्यांचं मत नोंदलेलं आहे. ज्याला शंका असेल त्याने सहावं कलम उघडावं, पाच मिनिटांचं वाचन आहे.

बारावाटा

मांडवीकाठ, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. भारतातली आणखी एक नोंद जोडतो. जुलै १९८३ मध्ये दिल्लीच्या ‘पॅट्रियट’ या दैनिकात एक निनावी पत्र छापून आलं: एड्सचा विषाणू अमेरिकी लष्कराने आपल्या फोर्ट डेट्रिक या प्रयोगशाळेत बनवला. लेखक म्हणे एक नामवंत अमेरिकी शास्त्रज्ञ. दोन वर्षांनी सोव्हिएत साप्ताहिक ‘लितेरातुर्नाया गझेता’ने त्याचाच आधार घेऊन ते जगभर नेलं. घोस्टरायटरचा सांगाडा हाच आहे: आधी तिसऱ्या देशात बातमी पेरायची, मग ‘तिकडे छापून आलंय’ म्हणून तिचा हवाला द्यायचा. आपली वर्तमानपत्रं आणि आता वाहिन्या या साखळीत तिसरा देश म्हणून वापरल्या जातात, याची आपल्याला जितकी चीड यायला हवी तितकी येत नाही.

पूर्वपक्ष

चीड यावीच. फक्त मोहिमांचा प्रभाव फुगवून सांगू नका. ‘डॉपलगँगर’ ही रशियन मोहीम घ्या. ‘श्पीगेल’, ‘बिल्ड’, ‘गार्डियन’ यांची हुबेहूब नक्कल. संकेतस्थळाच्या पत्त्याचं शेपूट तेवढं वेगळं, डॉट डीईच्या जागी डॉट एलटीडी किंवा डॉट पिक्स. पानावरचे बाकीचे दुवे खऱ्या स्थळाकडे नेतात, म्हणून सहज शंका येत नाही. मेटाने २०२२ मध्ये सांगितलं की या मोहिमेने जाहिरातींवर सुमारे १ लाख ५ हजार डॉलर खर्च केले. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेने ३२ पत्ते जप्त केले. त्याच सुमारास यामागच्या रशियन कंपनीची कागदपत्रं फुटली. त्यांत दिसतं की आपल्यावर युरोपात अहवाल निघाले, हेच ती कंपनी ग्राहकाला यश म्हणून दाखवत होती. खरे वाचक फार थोडे. आपण ‘भयंकर मोहीम’ म्हणून ओरडतो तेव्हा त्यांचं पुढच्या वर्षीचं बिल मंजूर करून देतो.

नकाशे_आणि_सनावळ्या

घाईने होणारी चूक आणि ठरवून केलेली बनावट वेगळी ठेवा, एवढंच. १५ नोव्हेंबर २०२२ ला पोलंडच्या प्शेवोदूव गावात क्षेपणास्त्र पडून दोघे गेले. एका अमेरिकी वृत्तसंस्थेने ‘रशियन क्षेपणास्त्र’ म्हणून बातमी सोडली आणि काही तास जग पाचव्या कलमाची चर्चा करत होतं. दुसऱ्याच दिवशी नाटो आणि पोलंडने सांगितलं की ते बहुधा युक्रेनच्याच हवाई संरक्षणाचं होतं. बातमी मागे घेतली गेली. अशा बातमीवर पहिले चोवीस तास काही पुढे पाठवू नये.

चित्रफितींचं तर याहून वाईट. ‘आर्मा ३’ या खेळातली दृश्यं युद्धाची म्हणून आपल्या वाहिन्यांवरही लागली आहेत. खेळ बनवणाऱ्या कंपनीनेच २०२२ मध्ये खुणा सांगितल्या: फीत मुद्दाम धूसर आणि हलणारी, बहुधा रात्रीची, आवाज नाही, चालती माणसं जवळजवळ नाहीत, स्फोटाचा धूर आणि माती अनैसर्गिक. चांगल्या दर्जाची फीत मागा. ती कधीच मिळत नाही.

बारावाटा

पूर्वपक्ष, एका प्रश्नाचं उत्तर द्या. १९९० चं तोंडी आश्वासन तुम्हाला एवढं वजनदार वाटतं, तर ५ डिसेंबर १९९४ च्या बुडापेस्ट मेमोरँडमचं काय? तिथे रशियाने युक्रेनच्या तेव्हाच्या सीमांचा आदर करण्याची लेखी हमी दिली, सही करून. ‘एक इंच’ फिरवणाऱ्या किती संदेशांत बुडापेस्टचा उल्लेख असतो?

पूर्वपक्ष

बहुतेकांत नसतो, आणि तो असायलाच हवा. २०१४ आणि २०२२ मध्ये रशियाने ती सही मोडली, हे निर्विवाद. त्याने माझी टीका मागे हटत नाही. नाटोच्या एप्रिल २००८ च्या बुखारेस्ट जाहीरनाम्यात ‘युक्रेन आणि जॉर्जिया सदस्य होतील’ असं लिहिलं, पण जर्मनी-फ्रान्सच्या विरोधामुळे ना तारीख दिली ना संरक्षण. मॉस्कोतले अमेरिकी राजदूत विल्यम बर्न्स यांनी त्याच वर्षी फेब्रुवारीत वॉशिंग्टनला तारेने स्पष्ट कळवलं होतं की युक्रेनचं सदस्यत्व ही रशियाच्या दृष्टीने लाल रेषा आहे. जो माणूस पुढे सीआयएचा प्रमुख झाला त्याचा हा इशारा. तोच मुद्दा २०२२ नंतर सामान्य वाचकाने लिहिला तर त्याच्या नावावर ‘रशियन अपप्रचार’ असा शिक्का पडतो. माझा आक्षेप तिथे आहे.