मनाउसला जायचंय, जून की ऑक्टोबर?

फिरस्ती:
अॅमेझॉन करायचंच असं ठरवलंय, ब्राझीलमधलं मनाउस गाठायचं आणि तिथून नदीत. पण जून की ऑक्टोबर यावरून घरात वाद चालू आहेत, नवरा म्हणतो पुरात कशाला तडमडायला जायचं. जंगल तर हवंच पण लोकांचं काहीतरी, सणबिण असंही बघायचंय. कुणी गेलंय का? आणि डास खरंच तितके असतात?

काळंपाणी:
मी जूनमध्ये गेलो होतो. नवऱ्याला सांगा, हा एका रात्रीत येणारा पूर नाही. नदी कित्येक महिने हळूहळू चढते, जूनच्या सुमारास सगळ्यात वर आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात तळाला, फरक साधारण १० मीटरचा, म्हणजे तीन मजले धरा. त्यामुळे जूनमध्ये होडी झाडांच्या शेंड्यांमधून जाते, अशा बुडालेल्या जंगलाला तिथे इगापो म्हणतात. आमच्या नावाड्याने इंजिन बंद केलं आणि हाताने फांद्या सारत सारत होडी आत घातली, अंगावर टपाटप मुंग्या, मी ओरडलो तर तो हसतोय. रिओ नेग्रोचं पाणी कोऱ्या चहासारखं, हात बुडवला की बोटं तांबूस दिसतात. ते आम्लधर्मी असल्याने तिथे डास कमी, सोलिमोंइसच्या (अॅमेझॉनचंच तिथलं नाव) बाजूला मात्र फोडून काढतात. या दोन नद्या मनाउसजवळ भेटतात आणि सहाएक किमी शेजारी शेजारी वाहतात, एक काळी एक गढूळ, वेग, तापमान, घनता सगळंच वेगळं म्हणून लगेच मिसळत नाहीत. रेषेवरून जाताना हात पाण्यातच ठेवा, कोमट-गार फरक चक्क कळतो!

उंडगी:
सण हवा असेल तर जूनच, शेवटचा शनिवार-रविवार धरून. पारिन्तिन्स बेटावर बोई-बुम्बा असतो, बैलाच्या मरण्या-जिवंत होण्याची कथा, लाल गारान्तिदो विरुद्ध निळा काप्रिशोसो अशी दोन बैलांच्या संघांची स्पर्धा. एका बैलाचा खेळ चालू असताना समोरच्या समर्थकांनी चिडीचूप बसायचं, आवाज केला तर गुण जातात. पोहोचायचं बोटीने किंवा विमानाने, रस्ता नाही. बोटीत हॅमॉक टांगून झोपायचं, लवकर जाऊन जागा धरा, मी उशिरा गेले आणि संडासाच्या दाराशी टांगावा लागला, रात्रभर जो येईल तो माझ्या पायाला धडकून जाणार.

काळंपाणी:
ऑक्टोबरबद्दल पण सांगतो नाहीतर अन्याय होईल, तेव्हा रिओ नेग्रोवर पांढऱ्या वाळूचे किनारे उघडे पडतात, पोहायचं असेल तर तेच बरं. आणि पीतज्वराची लस किमान १० दिवस आधी घ्या, भारतात परतताना सर्टिफिकेट मागतात.

फिरस्ती:
नवऱ्याला तीन मजल्यांचं वाचून दाखवलं, आता तोच जून म्हणतोय. पण हॅमॉकमध्ये झोपणार नाही म्हणे. केबिन मिळते का त्या बोटीत?

उंडगी:
मिळते, पण थोड्याच असतात, सणाच्या आठवड्यात तर आधीच बुक करा.