घडी न मोडलेली गाडी: ३८७ किलोमीटर आणि दोन कोटी डॉलर

मधली_सीट

ऑगस्ट २०२१मध्ये कॅलिफोर्नियात पेबल बीचला गुडिंग कंपनीच्या लिलावात १९९५ची एक मॅक्लारेन एफ१ विकली गेली. नाव एफ१ असलं तरी ही रस्त्यावर चालवायची गाडी. किंमत २ कोटी ४ लाख ६५ हजार डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने दीडशे कोटी रुपयांच्या वर. तपकिरी रंग, पहिला मालक जपानमधला. २६ वर्षांत गाडी चालली किती? ३८७ किलोमीटर. मुंबई-पुणे एकदा जाऊन-येऊन आणि वर पुन्हा लोणावळ्यापर्यंत, एवढंच.

ही गाडी डिझायनर गॉर्डन मरेंनी चालवणाऱ्यासाठी बनवली. ड्रायव्हर मधोमध बसतो, दोन सोबती त्याच्या दोन्ही बाजूंना जरा मागे. पॉवर स्टिअरिंग नाही, एबीएस नाही. रस्ता हाताला कळावा म्हणून. बीएमडब्ल्यूचं ६.१ लिटरचं १२ सिलिंडरचं इंजिन, भोवती उष्णता परतवायला सोन्याचा पातळ पत्रा. रेसच्या गाड्या धरून एकूण १०६ बनल्या. त्यांतल्या एकीला कोणी कोपऱ्यात झाकून ठेवलं आणि बाजाराने त्याबद्दल बक्षीस दिलं.

आता दुसरी एफ१ पाहा. नट रोवन अ‍ॅटकिन्सन यांनी १९९७मध्ये घेतली. बाजारहाटालाही नेली म्हणावी इतकी चालवली: ४१ हजार मैल, म्हणजे ६६ हजार किलोमीटर. दोनदा ठोकली. २०११चा अपघात मोठा होता, गाडी झाडावर गेली. दुरुस्तीला वर्षाहून जास्त लागलं आणि विमा कंपनीने सुमारे ९ लाख १० हजार पौंड भरले. दुरुस्त होऊन आल्यावर त्यांनी ती पुन्हा चालवली आणि २०१५मध्ये ८० लाख पौंडांना विकली.

माझ्या मते या दोघींत खरी एफ१ दुसरी. आपल्याकडे नवी साडी पहिल्यांदा नेसली की घडी मोडली म्हणतात. घडी मोडल्याशिवाय साडी ही साडी होत नाही, नुसतं कापड राहतं. न चाललेल्या गाडीला जास्त पैसे मिळतात तेव्हा आपण प्रत्येक मालकाला सांगत असतो की बाबा रे, चावी फिरवू नकोस. हे मला मनापासून चुकीचं वाटतं.

---

जुनी_दप्तरं

मी मुंबईत संग्रहालयातल्या वस्तूंच्या जतनाचं काम करते, त्यामुळे मला तुमचं म्हणणं अजिबात पटलेलं नाही.

चाललेली गाडी आणखी चालवता येते. न चाललेली गाडी एकदा चालवली की पुन्हा न चाललेली करता येत नाही. १०६ पैकी शंभर चालल्या तर बिघडलं कुठे? पण एखाददुसरी जशी कारखान्यातून निघाली तशी राहिली पाहिजे. शिवण कशी होती, चामड्याचा पोत कसा होता, रंगाचा थर किती जाड, कुठला स्क्रू कुठल्या रंगाचा, हे उद्या कुणी विचारलं तर उत्तर देणारी तीच असते. दुरुस्त केलेली गाडी दुरुस्त करणाऱ्याचं मत सांगते.

या गाडीसोबत तिची मूळ हत्यारांची पेटी आणि बॅगाही आल्या. तुम्ही त्याला कोपऱ्यात झाकणं म्हणता. मी त्याला दप्तर सांभाळणं म्हणेन.

आणि साडीचीच उपमा घेतलीत म्हणून सांगते. आजीची नेसलेली पैठणी आणि तिच्याच वेळची न नेसलेली पैठणी शेजारी ठेवून पाहा. मूळचा रंग काय होता ते दुसरीच सांगते.

---

करवीरचा_मिस्त्री

ताई, पैठणी ट्रंकेत तशीच राहिली की घडीवर चिरते. आईच्या दोन पैठण्या अशाच गेल्या. दरवर्षी काढून, उन्हाची तिरीप दाखवून घडी बदलावी लागते. गाडीचंही तेच.

३० वर्षं गॅरेज चालवतोय. एफ१ काही माझ्याकडे आली नाही, येणारही नाही. पण रबर आणि पेट्रोल सगळ्या गाड्यांना सारखंच. एका वाड्यात नऊ वर्षं उभी राहिलेली प्रीमियर पद्मिनी आली होती. वरून बघाल तर आरसा, रिडिंग ११ हजार, मालक अभिमानाने सांगत होते की हातसुद्धा लावलेला नाही. उघडली तर क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली. चारही व्हील सिलिंडर जाम. कार्ब्युरेटरात पेट्रोल वाळून वार्निशसारखा थर. टाकीत गंज. ऑइल सील इतके कडक की नखाने तुकडे पडत होते. तिच्याच वयाची, दोन लाख चाललेली टॅक्सी त्याच आठवड्यात ऑइल बदलून निघून गेली.

कमी रिडिंग म्हणजे चांगली गाडी असं गिऱ्हाईक धरून चालतं. मी आधी विचारतो, शेवटची कधी चालवली?

---

वोकिंगकर

मिस्त्रीकाकांचं म्हणणं एफ१ला तर जास्तच लागू पडतं. मी इंग्लंडात वोकिंगला राहतो, ही गाडी बनली ते हेच गाव. एफ१ची इंधनाची टाकी म्हणजे रेसच्या गाडीसारखी रबराची पिशवी असते. ती ठरावीक वर्षांनी बदलायची, पाच वर्षं ही नेहमी सांगितली जाणारी मुदत. त्यासाठी इंजिन बाहेर काढावं लागतं. गाडी चालो वा न चालो, पिशवी म्हातारी होतेच. फेरारी एफ४०च्या टाक्यांनाही अशाच रबरी पिशव्या असतात आणि त्यांनाही मुदत असते.

म्हणजे ३८७ किलोमीटरवाल्या गाडीला रस्त्यावर आणायचं तर भाग बदलावे लागणार. नाही बदलले तर ती नावालाच गाडी. मूळपणा आणि चालू स्थिती एकाच वेळी हवी असेल तर कुठेतरी हात सोडावा लागतो.

तीन-चार वर्षांपूर्वी रविवारी सकाळी इथल्या रस्त्यावर एक एफ१ माझ्या शेजारून गेली. चालवणारे गृहस्थ साठीच्या पुढचे, मधल्या सीटवर, काच खाली. त्या १२ सिलिंडरांचा हवा ओढण्याचा आवाज अजून कानात आहे. माझ्या मुलीने तेव्हापासून गाड्यांची चित्रं काढायला घेतली. कोणत्या लिलावात ती कितीला जाईल ते मला माहीत नाही.

---

हिशेबनीस

धागाकर्त्यांची तुलनाच मुळात चुकली आहे, म्हणून थोडे आकडे.

२०१५ची विक्री आणि २०२१चा लिलाव शेजारी ठेवता येत नाहीत. मधल्या काळात सगळ्याच एफ१ वर गेल्या. ऑगस्ट २०१५मध्ये कॅलिफोर्नियातच माँटेरेला एलएम पद्धतीची (एलएम म्हणजे ल माँच्या शर्यतीवरून बेतलेली जास्त ताकदीची आवृत्ती) एक एफ१ १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलरला गेली. अ‍ॅटकिन्सन यांचे ८० लाख पौंड त्या वेळच्या दराने १ कोटी २० लाख डॉलरच्या आसपास. म्हणजे दोनदा ठोकलेली, ६६ हजार चाललेली गाडी फार मागे नव्हती. गाडी चालवणाऱ्याला बाजार शिक्षा करतो, हे तुमच्याच उदाहरणाने खोडलं जातं.

पुढे ऑगस्ट २०१७मध्ये बोनहॅम्सच्या लिलावात ९,६०० मैल चाललेली एफ१ १ कोटी ५६ लाख २० हजार डॉलरला. ऑगस्ट २०१९मध्ये आरएम सदबीजकडे आणखी एक, १ कोटी ९८ लाख ५ हजार डॉलरला. आणि ही २०१९वाली नीट पाहा. ती मूळची १९९४ची साधी रोड कार. नंतर मॅक्लारेननेच तिला एलएमच्या दर्जाचं इंजिन आणि जास्त डाउनफोर्सचा, म्हणजे वेगात गाडी रस्त्याला दाबून धरणारा, संच बसवला. म्हणजे जन्मावेळच्या स्वरूपात नाहीच. तरी ३८७ किलोमीटरवालीपेक्षा तिला फक्त ६ लाख ६० हजार डॉलर कमी मिळाले, तेही दोन वर्षं आधी.

यावरून मी इतकंच म्हणतो की कमी रिडिंगला जादा भाव आहे, पण लोक समजतात तेवढा नाही. कारखान्याच्या हाताने झालेला बदल, मालकाचं नाव, कागदपत्रांची सलग साखळी यांनाही तितकाच भाव मिळतो. लिलावांचे हे सगळे आकडे लिलावसंस्थेचं प्रीमियम, म्हणजे खरेदीदाराकडून बोलीवर घेतलेली फी, धरून आहेत, निव्वळ बोली त्याहून कमी असते. बातम्यांत हा फरक सांगत नाहीत, त्यामुळे विकणाऱ्याच्या हातात किती पडले हे वाचणाऱ्याला कळतच नाही.

---

मधली_सीट

२०१५ आणि २०२१ची तुलना चुकली, मान्य. ती मागे घेतो. पण माझा मुद्दा किमतीच्या आकड्यापेक्षा त्या किमतीमुळे मालक कसा वागतो याबद्दल आहे. ३८७ वर आणखी हजार किलोमीटर पडले तर त्या गाडीचं वेगळेपण संपतं, हे नव्या मालकाला पक्कं ठाऊक आहे. तो ती चालवेल?

---

जुनी_दप्तरं

नाही चालवणार, आणि नकोच चालवू दे.

मात्र मिस्त्रीकाकांनी माझी चूक दाखवली. जतन म्हणजे हात न लावणं असं मी लिहिलं नव्हतं, पण तसं वाचलं गेलं असेल तर दोष माझा. आमच्याकडेही वस्तूची हवा, ओल, उजेड यांवर रोज लक्ष असतं.

आणखी एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. या चर्चेत मूळपणा आणि कमी रिडिंग एकच धरलं जातंय. २०२४मध्ये पेबल बीचच्या प्रदर्शनात सर्वोच्च मान १९३४च्या बुगाटी टाइप ५९ला मिळाला. रिस्टोअर न केलेल्या, म्हणजे पुन्हा नव्यासारखी न बनवलेल्या, गाडीला तिथे तो मान पहिल्यांदाच मिळाला. ही गाडी काही झाकून ठेवलेली नव्हती. ती ग्राँ प्रीत धावली, मग स्पोर्ट्स कार म्हणून बदलली गेली, पुढे बेल्जियमचे राजे तिसरे लिओपोल्ड यांच्याकडे गेली. तिचा काळा रंग जागोजागी चिरलेला, झिजलेला आहे. तो झिजलेला रंग तसाच ठेवला म्हणून तिला मान मिळाला. भरपूर चालूनही ती अस्सल आहे.

---

करवीरचा_मिस्त्री

हे बरोबर बोललात ताई. आमच्याकडे उलटं चालतं. जुनी गाडी घेतली की पहिलं काम म्हणजे पत्रा घासून नवा रंग, क्रोम, नवी सीट कव्हरं. मूळ रंग घासून टाकला की परत मिळत नाही. मी गिऱ्हाइकाला हात जोडून सांगतो, पॉलिश करून बघा आधी. दहातले दोन ऐकतात.

---

हिशेबनीस

आपल्या सरकारी नियमातही हाच विचार आहे. २०२१मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी ‘व्हीए’ मालिकेचे नंबर आले. अट अशी की गाडी ५० वर्षांहून जुनी असावी, मूळ स्वरूपात असावी, चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसावा. त्यात किलोमीटरचा उल्लेखच नाही. रोजच्या वापराला मात्र बंदी आहे. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं, दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर काढायची.

---

वोकिंगकर

ती बंदी मला खटकते. रविवारी एक फेरी मारायलाही बंदी असेल तर मिस्त्रीकाकांच्या पद्मिनीचीच गत होणार.

आणि अर्धवट चालवणं न चालवण्याहून वाईट असतं. मर्सिडीजची ३०० एसएल गलविंग घ्या, १९५४ ते १९५७मध्ये १४०० बनल्या. तिच्यात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडणारा यांत्रिक पंप आहे. इग्निशन बंद केलं तरी इंजिन थांबेपर्यंत तो पेट्रोल टाकत राहतो. ते सिलिंडरवरचं ऑइल धुऊन खाली उतरतं आणि ऑइल पातळ करतं. लांब फेरीत इंजिन नीट तापलं तर ते पेट्रोल उडून जातं. महिन्यातून एकदा गॅरेजबाहेर काढून, पाच मिनिटं चालू ठेवून, फोटो काढून आत ठेवणाऱ्याने मायेपोटी गाडी खराब केलेली असते.

---

मधली_सीट

मग मिस्त्रीकाका, उद्या ती ३८७ किलोमीटरची गाडी तुमच्या ताब्यात दिली आणि सांगितलं की ताईंचंही राहिलं पाहिजे आणि माझंही, तर तुम्ही काय कराल?

---

करवीरचा_मिस्त्री

तिचं काम तिच्याच कारखान्याचे लोक करणार, मी फक्त क्रम सांगतो.

पहिल्या दिवशी स्टार्टर मारायचा नाही. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल, एक रात्र तसंच. दुसऱ्या दिवशी इंजिन हाताने फिरवायचं. अडकलं तर थांबायचं, जोर करायचा नाही. जुनं पेट्रोल, ऑइल, ब्रेक ऑइल, कूलंट सगळं काढायचं. टाकीची पिशवी, होजपाइप, सील, बेल्ट नवे. टायर नवे, मग नक्षी कितीही कोरी दिसो. २५ वर्षांच्या टायरवर एवढ्या ताकदीची गाडी मी माझ्या वैऱ्यालाही चालवू देणार नाही.

आणि काढलेली एकही वस्तू भंगारात टाकायची नाही. प्रत्येकीला चिठ्ठी बांधायची: कुठून काढली, कोणत्या तारखेला, रिडिंग किती, का काढली. काढण्याआधी फोटो. टायर अंधाऱ्या थंड खोलीत, जमिनीपासून वर. ताईंचं दप्तर त्या खोलीत राहील. गाडी वर्षाला पाचशे किलोमीटर चालवायची, दर वेळी इंजिन पूर्ण तापेपर्यंत, आणि वहीत नोंद.

माझ्याकडे अशा चिठ्ठ्या बांधलेली एक लोखंडी पेटी आहे, त्याच पद्मिनीची. मालक वारले. गेल्या दिवाळीत मुलगा गाडी न्यायला आला तेव्हा पेटी डिकीत ठेवून दिली. त्याने तिथेच उघडून एकेक चिठ्ठी वाचली.