कोलोनोस्कोपीच्या तयारीत वजन किती उतरतं, आणि वहीत कोणता आकडा धरायचा?

पाऊलवाट
वडील ६८ वर्षांचे, वजन ६१ किलो. हार्ट फेल्युअरमुळे (हृदय अशक्त असल्याने अंगात पाणी साठतं) रोज सकाळी वजन करून वहीत लिहितात. तीन दिवसांत २ किलोच्या वर वाढलं तर कळवा, असं हृदयाच्या डॉक्टरांनी सांगून ठेवलंय. येत्या शुक्रवारी सकाळी ११ वाजता कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची कॅमेऱ्याच्या नळीने तपासणी, आहे. पेग्लेकचं, म्हणजे पोट साफ करायच्या पावडरीचं, पाकीट आणि आहाराचा कागद मिळालाय. गोळ्या : फ्युरोसेमाइड (लघवीवाटे पाणी काढणारी), स्पायरोनोलॅक्टोन, टेल्मिसार्टन, डापाग्लिफ्लोझिन. शुगर नाही. तयारीच्या दिवसांत वजन किती उतरेल, त्यातलं खरं किती, आणि नंतर ते परत चढायला लागलं की घाबरायचं कधी?

रातराणी
साधारण १ ते २ किलो उतरतं आणि त्यात चरबी जवळजवळ नसते. हिशेबच मांडू या. वडिलांच्या शरीराला दिवसाला १७०० कॅलरी लागतात असं धरा. गुरुवारी निवळ पातळ पदार्थांवर ५०० पोटात गेल्या, तर तूट १२०० ची. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७७०० कॅलरी. म्हणजे सगळी तूट चरबीतून भागली तरी दीडशे ग्रॅम, आणि ती सगळी चरबीतून भागत नाहीच.

पहिला वाटा आतड्यातल्या ऐवजाचा. पोळी-भाजी-वरण खाणाऱ्या माणसाच्या पोटात कोणत्याही वेळी अर्धा ते एक किलो अन्न आणि मळ असतो. दोन-तीन दिवस कमी चोथ्याचं खाल्लं की तो भरला जात नाही, आणि उरलेला औषध बाहेर काढतं. दुसरा वाटा ग्लायकोजेनचा, म्हणजे यकृतात आणि स्नायूंत साठवलेल्या पिष्टाचा. त्याच्या दर ग्रॅममागे जवळपास ३ ग्रॅम पाणी धरलेलं असतं. यकृतातला साठा शंभर ग्रॅमच्या आसपास, तो एका उपासात बराच रिकामा होतो. स्नायूंतला घरी बसून फारसा हलत नाही. बाकी सगळं पाणी.

मधल्या वेळी काटा उलटाही जातो. एक लिटर औषध प्यायल्यावर पहिला जुलाब होईपर्यंत वजन सुमारे एक किलोने जास्त दिसणार. त्यामुळे गुरुवारी संध्याकाळपासून वजन करूच नका. शुक्रवारी सकाळी दुसरा लिटर सुरू करण्याआधी एकदा करा आणि वहीत शेजारी 'तयारी' असं लिहा.

वडिलांसाठी सगळ्यात महत्त्वाचं आता. शुक्रवारचा आकडा पाया म्हणून धरायचा नाही. समजा सोमवारी ६१.०, शुक्रवारी ५९.४. रविवारपर्यंत खाणंपिणं सुरळीत झालं की ६०.९ होईल. वही बघणाऱ्याला वाटेल दोन दिवसांत दीड किलो वाढलं, पाणी साठतंय. मग घरच्या घरी फ्युरोसेमाइडची जादा गोळी दिली जाते, आणि आधीच कोरड्या पडलेल्या माणसाचा बीपी उतरून तो न्हाणीघरात कोसळतो. तुलना नेहमी तयारीच्या आधीच्या आकड्याशी. कमी चोथ्याचा आहार सुरू होण्याआधीच्या तीन सकाळींची सरासरी काढून वहीत चौकटीत लिहून ठेवा.

कवडसा
औषध कसं करता यावरही वजन ठरतं, म्हणून ते नीट सांगते.

पेग्लेकचं १३७.१५ ग्रॅमचं पाकीट पूर्ण २ लिटर पाण्यात घालायचं. कमी नाही, जास्त नाही. त्यातली ११८ ग्रॅम पॉलिएथिलीन ग्लायकॉल ही शोषली न जाणारी पावडर आहे, बाकीचे क्षार. २ लिटरमध्ये त्याचं प्रमाण रक्ताशी जुळणारं बसतं, म्हणून ते आतड्यातून तसंच पुढे सरकतं. शरीरातलं पाणी फारसं ओढत नाही आणि आत फारसं सोडतही नाही. 'एवढं पिववत नाही' म्हणून लोक एका लिटरमध्ये कालवतात, तेव्हा ते घट्ट द्रावण अंगातलं पाणी आतड्यात खेचतं. चक्कर येते आणि वजन नको तितकं उतरतं.

दुसरी चूक चव लागावी म्हणून साखर किंवा ग्लुकोज घालण्याची. ग्लुकोजबरोबर मीठ आणि पाणी आतड्यातून आत शोषलं जातं. ओआरएस त्याच तत्त्वावर चालतं. इथे ते नको आहे. हृदयाच्या रुग्णाला तर मुळीच नको. लिंबाचे चार थेंब पिळले तर चालतील. गार करून नळीने, जिभेच्या मागच्या बाजूने प्यायलं की खारटपणा कमी जाणवतो. दोन पेल्यांच्या मध्ये लिंबाची फोड चोखायला द्या.

११ वाजताच्या तपासणीसाठी गुरुवारी सांजेला ७ ते ८ एक लिटर, शुक्रवारी पहाटे साडेपाच ते साडेसहा दुसरा, अशी विभागणी साधारण असते. तुमच्या कागदावर वेगळी वेळ असेल तर तीच धरा. २५० मिलीचा पेला दर पंधरा मिनिटांनी. पाकीट एकदम २ लिटरमध्ये कालवा, निम्मं फ्रिजमध्ये ठेवा. अर्धं पाकीट अंदाजाने ओतू नका. मळमळ झाली तर अर्धा तास थांबा, मग घोट घोट. उलटीतच सगळं गेलं तर सेंटरला फोन. शेवटी संडासला फक्त पिवळसर, पारदर्शक पाणी व्हायला हवं. तपकिरी आणि गढूळ असेल तर आतून दिसणार नाही, आणि तपासणी पुन्हा करावी लागेल.

खाण्यात मंगळवारपासून मऊ भात, साल काढलेल्या मुगाचं वरण, दही, अंडं, मासे, सोललेला उकडलेला बटाटा. पालेभाज्या, भाकरी, टोमॅटो, वांगं, भेंडी, पेरू, तीळ, जवस, खसखस बंद. बिया आणि साली कॅमेऱ्याच्या नळीत अडकतात. फोडणीतल्या कोथिंबिरीचं आणि मोहरीचं लक्षात राहत नाही, ते मुद्दाम सांगा. गुरुवारी फक्त आरपार दिसेल ते : वरणाचं गाळलेलं पाणी, कोरा चहा, गाळलेलं लिंबू सरबत. कोकम सरबत, सोलकढी, बीट, डाळिंब नको, तो लाल रंग आत रक्तासारखा दिसतो.

पाऊलवाट
मनापासून आभार. गुरुवारी शहाळ्याचं पाणी द्यावं असं घरात चाललंय, चालेल ना? आणि गोळ्यांचं काय?

चौकट
शहाळं यांच्यासाठी विचारल्याशिवाय नको. त्यात पोटॅशियम भरपूर असतं, आणि स्पायरोनोलॅक्टोन व टेल्मिसार्टन दोन्ही पोटॅशियम अंगात राखून ठेवतात. त्यात पाणी कमी पडून मूत्रपिंड मंदावलं तर पातळी आणखी चढते.

डापाग्लिफ्लोझिनबद्दल आजच विचारा. ही मुळात शुगरची गोळी. हृदयासाठी चालू असली की 'शुगरची गोळी घेता का?' या प्रश्नाला रुग्ण सरळ नाही म्हणतो आणि ती नोंदच होत नाही. उपाशीपोटी तिच्यामुळे रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लं) वाढून ॲसिडोसिस, म्हणजे रक्त धोकादायक आम्लधर्मी होणं, होऊ शकतो, तोही शुगर फारशी न वाढता. अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधांवर नियंत्रण ठेवणारी सरकारी संस्था) २०२० मध्ये ठरलेल्या शस्त्रक्रियेच्या किमान ३ दिवस आधी ती थांबवायला सांगितलं, आणि उपाशी ठेवून भूल द्यायच्या तपासण्यांआधीही पुष्कळ ठिकाणी हाच नियम पाळतात. तुमच्या बाबतीत म्हणजे सोमवारनंतर बंद. पण हार्ट फेल्युअर आहे, तेव्हा दोन्ही डॉक्टरांनी मिळून सांगितल्याशिवाय बदल करू नका. ती थांबली की लघवीवाटे जाणारं पाणीही थोडं कमी होतं, म्हणून मंगळवार-बुधवारी काटा जरा वर दिसला तर ते कारणही डोक्यात असू द्या.

फ्युरोसेमाइड गुरुवारी आणि शुक्रवारी द्यायचं का, हाही हृदयाच्या डॉक्टरांचाच निर्णय. दिवसभरात वरून किती पाणी द्यायचं तेही त्यांनाच विचारा. 'भरपूर पाणी प्या' हा छापील कागदावरचा सल्ला पाण्याचं बंधन असलेल्या माणसासाठी नसतो.

औषध बदलून मागायचं झालं तर सोडियम फॉस्फेटची बाटली मात्र घेऊ नका, मात्रा छोटी असते म्हणून लोक तीच मागतात. हृदय किंवा मूत्रपिंड अशक्त असलेल्यांना ती धोक्याची आहे. मूत्रपिंडात फॉस्फेटचे स्फटिक बसून ते कायमचं बिघडल्याची उदाहरणं आहेत, एफडीएने २००८ मध्येच ठळक इशारा दिला होता. तुमच्याकडे पेग्लेक आहे, ते योग्य आहे.

भूल देणारे वजन विचारतील तेव्हा ६१ सांगा. किलोभराने मात्रा बदलत नाही.

पाऊलवाट
आमचा काटा चरबीचे टक्केही दाखवतो. तयारीनंतर ते वाढले तर?

रातराणी
वाढतीलच. तो काटा अंगातून बारीक वीज सोडून अडथळा मोजतो. पाणी कमी झालं की अडथळा वाढतो आणि यंत्र त्याला चरबी समजतं. आठवडाभर तो आकडा वाचूच नका.

नंतरचं : पाणी आणि ग्लायकोजेन एक-दोन दिवसांत भरून येतं. पहिला नेहमीसारखा शौच दोन-तीन दिवसांनीही होतो, तोवर वजन थोडं कमी राहू शकतं. पोट फुगल्यासारखं वाटेल ते तपासणीत भरलेल्या वायूमुळे, त्याला वजन नसतं. जुलाब सुरू असताना उभं राहिल्यावर अंधारी येणं, सहा-सात तास लघवी न होणं किंवा गडद होणं, गोंधळल्यासारखं बोलणं यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता फोन करा. रात्री संडासच्या वाटेवरचा दिवा चालू ठेवा.

आणि वजन वहीतल्या चौकटीतल्या आकड्याच्या वर जात राहिलं, घोट्यावर बोट दाबल्यावर खळगा राहिला, किंवा आडवं पडल्यावर धाप लागली, तर ते तयारीतलं वजन परत येणं नाही. तेव्हा २ किलो पूर्ण होण्याची वाट बघू नका.