अलीकडे वाचलेल्या कादंबऱ्या: आवडल्या, खटकल्या, अर्ध्यात सोडल्या

गच्चीवरची
नणंदेची मुलगी सुट्टीत आली आहे. काल विचारते, "मामी, तुम्ही लहानपणी उन्हाळ्यात काय करत होत्या?" चेहऱ्यावर दया. मग सांगितलं तिला. संध्याकाळी गच्चीवर बादल्या ओतायच्या, तापलेल्या फरशीतून वाफा निघायच्या. रात्री गाद्या पडल्या की मोठी आई टॉर्चच्या उजेडात कादंबरी वाचून दाखवायची. मध्येच तिचा आवाज थांबायचा, दोन पानं उलटायची आणि "हं, तर मग सकाळ झाली" म्हणून गाडी पुढे. दुसऱ्या दिवशी ती झोपली की आम्ही चुलत बहिणी तीच पानं शोधायचो. बहुतेक वेळा त्यात काहीच नसायचं!

हे सांगता सांगता उद्धव शेळक्यांची 'धग' काढून बसले, 1960 सालची. सगळे म्हणतात दुःखाची कादंबरी. मला कौतिकचा हिशेब दिसला. बाई सतत मनात आकडेमोड करते, कुठून काय येईल, कोणाच्या पोटात किती जाईल. आणि तिचा नवरा महादेव! इतका थंड माणूस की पुस्तकात हात घालून हलवावासा वाटतो. मोठी आई अशीच वऱ्हाडी बोलायची, म्हणून संवाद वाचताना कानात आवाज येत होता. पण मधे संकटावर संकट, श्वास घ्यायला जागा नाही. तिथे पुस्तक चार दिवस फ्रिजवर पडून होतं.

तुम्ही काय वाचलं इतक्यात? समीक्षा नको. आवडली का, नाही तर का नाही, एवढं लिहा.

बर्डीकर
धग बी.ए.ला होती. प्रश्नोत्तरं पाठ केली, कादंबरी कोणी वाचली? आता वाचतो.
मी 'कोसला' परत वाचली. विशीत हॉस्टेलच्या मेसचे किस्से वाचून लोळून हसलो होतो. आता मुलगी आहे घरात. नायक पांडुरंगच्या धाकट्या बहिणीचं, मनीचं, देवीच्या रोगानं जाणं वाचलं आणि त्या रात्री पुढे नाही गेलो.

तर्री_कमी
उदाहरणार्थ आम्हीही वाचली वगैरे 😄
पांडुरंगाच्या बापाची बाजू कोणी लिहा बे. पोरगा पुण्यात पैसे उडवून राहिला अन् बाप मनीऑर्डर करून राहिला. मले तर त्या बापाचीच दया आली.

खामल्याची सून
कुकरच्या तीन शिट्ट्या होईस्तोवर लिहिते. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' वाचली. घरी पेइंग गेस्ट येतो, भाऊ आणि बहीण दोघंही त्याच्याच प्रेमात. आधी तनय सांगतो, मग अनुजा. मला तनयचा भाग जास्त आवडला, अनुजाच्या भागात घरचे लोक नीट दिसतात म्हणून तोही चांगला.

खरी गंमत पुढे आहे. पुस्तक टेबलावर होतं, सासूबाईंनी उचललं. मी आपली घाबरून स्वयंपाकघरात. दोन दुपारी वाचून संपवलं आणि चष्मा पुसत म्हणाल्या, "पोरगं बिचारं खरं होतं. पाहुणाच लबाड." बस. त्यावर चर्चा नाही. आता विचारतात, असं अजून आहे का काही?

शिट्टी झाली.

गच्चीवरची
सासूबाईंना माझा नमस्कार सांग गं!!

सिमेंट_वाळू_खडी
मी निवृत्त सिव्हिल इंजिनीयर. आमच्या व्यवसायातल्या लोकांना दोन कादंबऱ्या हमखास ठाऊक असायला हव्यात. एक 'रारंगढांग', हिमालयात रस्ता बांधणाऱ्यांची. ती मी तरुण इंजिनीयरना भेट देत असे. दुसरी मात्र लोक विसरतात, म्हणून लिहितो.

नंदा खरे आपल्या नागपूरचे, तेही सिव्हिल इंजिनीयर. त्यांची 'अंताजीची बखर' या महिन्यात वाचली. अठराव्या शतकातला बंगाल, प्लासीच्या लढाईपर्यंतचा. शूरवीर वगैरे कोणी नाही. अंताजी स्वतःच्या तोंडून सांगतो, आणि हा गडी जिथे तिथे स्वतःचं कातडं वाचवतो. आपल्याकडच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत माणसं उठता-बसता भाषण देतात. इथे ती घाबरतात, पैसे खातात, थट्टा करतात.

आता थोडं विषयांतर. आपल्या महाल भागातून जाताना भोसल्यांच्या खुणा आपण रोज पाहतो, पण रघूजी भोसल्यांच्या फौजांनी बंगालवर स्वाऱ्या केल्या, 1744 साली बंगालचा नवाब अलिवर्दीखानानं त्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकरांना भेटीला बोलावून दगा दिला, हे शाळेत कोणी शिकवलं नाही. माझा एक बंगाली सहकारी होता. त्याच्याकडे बाळाला झोपवताना 'बर्गी आले' म्हणून गाणं म्हणत. बर्गी म्हणजे आपलेच लोक हो! तो डबा खाताना मला म्हणायचा, तुझ्या पूर्वजांनी आमचं धान्य नेलं, आता भाजी तरी दे. ही कादंबरी वाचताना त्याची फार आठवण आली. लढाई आपल्याकडून ऐकली की पराक्रम, तिकडून ऐकली की अंगाई.

नंदा खऱ्यांच्याच 'उद्या'ला साहित्य अकादमी मिळालं आणि त्यांनी ते नाकारलं, हे पेपरात वाचलं असेल. ती मला जड गेली. माणसावर चहूबाजूंनी नजर ठेवणारं जग आहे त्यात. पात्रं लक्षात राहिना, वहीत नावं लिहून ठेवावी लागली.

तर्री_कमी
काका मस्त लिहिलं. डबा शेवटी दिला की नाही?

सिमेंट_वाळू_खडी
रोज. वांग्याची भाजी त्याला फार आवडे.

मी_बापडी
कुलर दुरुस्तीवाला कोणी माहीत आहे का मानेवाड्याकडे? पंप पाणीच चढवून नाही राहिला. सॉरी, चुकीचा धागा असेल, पण इथेच सगळे जागे दिसले.

बर्डीकर
ताई, पंप उघडून जाळी साफ करा आधी. क्षार बसतात. नवीन वाळ्याच्या ताट्या लावल्या असतील तर कचरा जातो आत.

कपाशी
आमचं गाव वर्धेकडे, मी नोकरीला नागपुरात. सदानंद देशमुखांची 'बारोमास' मित्रानं दिली. अकादमी पुरस्कार आहे तिला, 2004 चा. एकनाथ शिकलेला, नोकरीसाठी पैसे मागतात, घरी शेती पिकत नाही. बायकोला शहराची सवय. माझ्याच घरात कोणी बसून लिहून घेतलं असं वाटलं. पानं उलटत नव्हती.

अर्ध्यात ठेवली. वाईट आहे म्हणून नाही. त्या आठवड्यात बाबांचा फोन आला होता, भाव पडला म्हणून. दिवसभर तेच ऐकायचं आणि रात्री तेच वाचायचं, होत नाही. लोक म्हणतात साहित्यात वास्तव पाहिजे. ज्याच्या घरी वास्तव नाही त्यानं वाचावं न आधी.

खामल्याची सून
दादा, अगदी खरं लिहिलंत. माझ्या माहेरीही हेच. बाबा बरे आहेत न?

कपाशी
बरे आहेत ताई. यंदा तूर जास्त टाकतो म्हणतात. बघू.

अक्वालाइन
मी लोकमान्यनगरहून मेट्रोत चढतो, त्यात वाचन होतं. हिंदी चालेल का? नागपुरात चालावं. विनोद कुमार शुक्ल यांची 'दीवार में एक खिड़की रहती थी'. राजनांदगाव आपल्यापासून जवळ, तिकडचा हा माणूस, ज्ञानपीठ मिळालं त्यांना. गोष्ट काय तर रघुवर प्रसाद गणित शिकवतो, टेम्पो मिळत नाही म्हणून साधूच्या हत्तीवरून कॉलेजला जातो. खोलीच्या खिडकीतून नवरा-बायको पलीकडे उतरतात, तिकडे तळं. एवढंच. भांडण नाही, खलनायक नाही. पहिली पन्नास पानं वाटलं, याचं पुढे काही होणार आहे का? मग थांबलो वाट पाहायचं आणि आवडायला लागली. झाशी राणी चौक स्टेशन मागे पडलं तरी कळलं नाही, ऑफिसला उशीर.

बर्डीकर
हत्तीची पार्किंग कुठे करतो तो?

अक्वालाइन
झाडाला बांधतो असं धरून चाला 😂

पोट्टी_बारावीतली
हाय, मीच ती नणंदेची मुलगी. मामीनं 'रणांगण' दिली कारण पातळ आहे. विश्राम बेडेकर, 1939. बोटीवर सगळं घडतं, चक्रधर आणि हर्टा. हर्टा ज्यू आहे, जर्मनीतून निघालेली. मला चक्रधरचा भयंकर राग आला. मुलगी सगळं सोडून आली आहे आणि हा मनातल्या मनात नुसता विचार करतो. मामी म्हणते तोच मुद्दा आहे. असेल, पण राग आला तर आला.

वाचनवेडा_जुना
इथे कोणीच 'मृत्युंजय' काढली नाही, आश्चर्य आहे. 1967 पासून घराघरात आहे. मी इतक्यात पाचव्यांदा वाचली.

तर्री_कमी
काढतो. लग्नात तीन प्रती आल्या होत्या, एक वाचली. कर्ण सोडून बाकी लोक बोलतात तेव्हा चांगली आहे. कुंती बोलते, दुर्योधन बोलतो, वृषाली बोलते. मले शोणाचा भाग आवडला, मोठ्या भावामागं धावणारा लहान भाऊ, त्यात खोट नाही. पण कर्ण स्वतः बोलायले लागला की सूर्य, तेज, कवच, कुंडलं, परत सूर्य. किती रे!

वाचनवेडा_जुना
कर्णाचं दुःख समजायला वय लागतं.

तर्री_कमी
काका, त्रेचाळीस झालं.

सिमेंट_वाळू_खडी
भांडू नका. उन्हाचे दिवस आहेत.

मी_बापडी
जाळीतच होता कचरा! चालू झाला कुलर. बर्डीकर दादा धन्यवाद. आता धाग्यावर लिहिते. ओळखीच्या एका गृहस्थांची रहस्यकादंबरी वाचून राहिली आहे, नाव नाही सांगत, दर रविवारी भेटतात. खुनी कोण ते तिसऱ्या प्रकरणात कळलं. पुढची सगळी प्रकरणं इन्स्पेक्टर चहा पितो. ते विचारतात कशी वाटली, मी म्हणते चहाचं वर्णन फार सुंदर आहे.

खामल्याची सून
😂😂 कुरडयांचा चीक आता पातेल्यात सांडला वाचताना.

सासूबाईंसाठी कोणी सुचवा न. पातळ हवी, अक्षर मोठं हवं आणि त्यांच्या भाषेत, "रडारड नको."

अक्वालाइन
वहिनी, 'बनगरवाडी'. माडगूळकरांची. धनगरांच्या वस्तीत नवीन मास्तर येतो. शेवटाकडे दुष्काळ आहे, पण रडारड नाही.

खामल्याची सून
त्यांनी वाचली आहे म्हणे, आणि मास्तर आवडला नव्हता. दुसरं सांगा.