'लिटर्जीनंतरची लिटर्जी' मराठीत कशी म्हणायची?

चारपानी (धागाकर्ता)
ख्रिस्ती ऐक्य सप्ताहासाठी (१८ ते २५ जानेवारी) एक छोटे पत्रक मराठीत करायचे आहे. वाचणारे दोन्हीकडचे आहेत, वसईचे कॅथलिक आणि नगर-पुण्याकडचे सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मेथडिस्ट वगैरे प्रॉटेस्टंट. सगळे पत्रक एका वाक्प्रयोगावर उभे आहे: 'लिटर्जी आफ्टर द लिटर्जी'. लिटर्जी म्हणजे चर्चमधला ठरलेला सामुदायिक उपासनाविधी. रुमानियन ऑर्थोडॉक्स धर्मपंडित योन ब्रिया यांनी तो रूढ केला. चर्चमधला विधी संपला की घर, शेत, कचेरी, बाजार इथे त्याचाच पुढचा भाग सुरू होतो, असा अर्थ.

मी 'उपासनेनंतरची उपासना' लिहिले. तपासणाऱ्या एकाने ते खोडून 'भक्तीनंतरची भक्ती' केले, दुसऱ्याने 'आराधना' सुचवली. तिघांचेही म्हणणे की आमच्याकडे हाच शब्द चालतो. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

वाडवळ
'भक्ती' नको. कॅथलिक बोलीत भक्ती म्हणजे विधीबाहेरची श्रद्धेची रीत: मरियाभक्ती, संतांची भक्ती, नोव्हेना, रोझरी. प्रॉटेस्टंट मंडळींत 'भक्तीला जाणे' म्हणजे थेट रविवारच्या उपासनेला जाणे. मग कॅथलिक माणसाने 'आम्ही मरियेची भक्ती करतो' म्हटले की पलीकडचा ऐकतो, 'हे मरियेला देव मानतात'. ऐक्य सप्ताहातच भांडण लावून द्याल.

'आराधना'ही तशीच अडचणीची. कॅथलिकांत आराधना म्हणजे पवित्र साक्रामेंतापुढची (वेदीवर पवित्र केलेल्या रोटीपुढची) आराधना, ती फक्त देवाची. पेन्टेकॉस्टल मंडळ्यांत 'स्तुती आणि आराधना' म्हणजे उपदेशाच्या आधीचा गाण्यांचा भाग. तिथे 'आराधनेनंतरची आराधना' म्हणजे आणखी दोन गाणी.

निरुक्ती
उपासना = उप + आस्, जवळ बसणे. आणि 'मिस्सा' (कॅथलिकांचा रोटी-द्राक्षारस अर्पणाचा विधी) हा शब्द लॅटिन 'इते, मिस्सा एस्त' या निरोपाच्या वाक्यातून आलेला, म्हणजे जा, पाठवणी झाली. एक शब्द बसवतो, दुसरा उठवतो. धागाकर्त्याला हवा असलेला अर्थ 'मिस्सा'तच आहे की! 'मिस्सेनंतरची मिस्सा' करा.

जाता जाता: 'उपास' हाही याच आस् धातूचा, देवाजवळ बसायचे म्हणून जेवण सोडायचे.

जुनी पोथी
निरुक्ती, शेवटची ओळ चूक आहे. उपास हे 'उपवास'चे झिजलेले रूप, धातू वस्. उपासनेशी त्याचे नाते फक्त ऐकण्यापुरते.

आणि 'मिस्सेनंतरची मिस्सा' दोन कारणांनी बसत नाही. एक, प्रॉटेस्टंट वाचक पहिल्या ओळीलाच पत्रक खाली ठेवील. दोन, मिस्सा म्हणजे लिटर्जी नव्हे, लिटर्जीचा एक प्रकार. शुभ शुक्रवारी मिस्सा नसतेच. दुपारी तीनच्या सुमारास विधी होतो: आधी वाचने व योहानाच्या शुभवर्तमानातले ख्रिस्ताचे दुःखसहन, मग लांबलचक प्रार्थना, मग क्रूस, मग आदल्या रात्री राखून ठेवलेल्या ख्रिस्तप्रसादाचे वाटप. वेदीवर अर्पण नाही, म्हणून मिस्सा नाही. पण लिटर्जी पुरेपूर आहे.

वाडवळ
याला जोडून: त्या दिवशीच्या तिसऱ्या भागाला मराठीत कुणी 'क्रूसाची आराधना' म्हणतात, कुणी 'क्रूसवंदन'. रोमन मिस्सा-ग्रंथात शीर्षक 'आदोरात्सिओ' असेच आहे, म्हणून 'आराधना' म्हणणारे अगदीच चुकीचे नाहीत. पण निसियाच्या दुसऱ्या परिषदेने (७८७) प्रतिमांच्या बाबतीत स्पष्ट रेघ ओढली: 'लात्रेइया' फक्त देवाला, प्रतिमेला आदराचे 'प्रोस्किनेसिस'. मराठीत ही रेघ आराधना आणि वंदन या जोडीने उत्तम दाखवता येते. ती पुसू नये. मी तरी 'वंदन'च लिहीन.

नगरी
रेघ कॅथलिकांच्या सोयीची आहे, पण बायबलच्या मराठीत ती पाळलेली नाही. बायबल सोसायटीचे पवित्र शास्त्र उघडा. याच ग्रीक शब्दांची क्रियापदे बघा: मत्तय ४:१० मध्ये 'प्रोस्किनेओ'ला नमन आणि 'लात्रेउओ'ला उपासना. योहान ४:२४ मध्ये तेच 'प्रोस्किनेओ' उपासना झाले: 'आत्म्याने व खरेपणाने'. आणि रोमकरांस १२:१ मध्ये 'लात्रेइया' चक्क सेवा आहे: शरीरे जिवंत यज्ञ म्हणून समर्पण करा, 'ही तुमची आध्यात्मिक सेवा आहे'. एक ग्रीक शब्द दोन मराठी शब्दांत फुटला, आणि दोन ग्रीक शब्द एका मराठी शब्दात जमा झाले.

धागाकर्त्याचे काम त्या शेवटच्या ओळीत आहे. पत्र लिहिणारा प्रेषित पौल तिथे मंदिराचा शब्द उचलून माणसाच्या रोजच्या देहाला लावतो. मराठीत 'सेवा' आल्यामुळे तो झटका वाचकाला बसतच नाही, कारण सेवा आपण एरवीही करतोच. तिथे 'उपासना' हवी होती.

चारपानी
म्हणजे 'उपासनेनंतरची उपासना'च बरोबर?

नगरी
मी तसे म्हटले नाही. रोमकरांसमध्ये उपासना हवी, एवढेच म्हटले. लिटर्जी हा तिसराच ग्रीक शब्द, 'लेइतुर्गिया'. त्याला माझे मत 'सेवा'. 'सेवेनंतरची सेवा' करा.

खडूस
'सेवेनंतरची सेवा' वाचून मला निवृत्तीनंतर कंत्राटावर परत घेतलेले लेखनिक आठवले. किंवा गाडी विकल्यावरची मोफत सर्व्हिसिंग.

निरुक्ती
लेइतुर्गिया म्हणजे 'लोकांचे काम', लाओस + एर्गोन. 'लोककार्य' म्हणा. शुद्ध मराठी, आणि लोकशाहीही आली.

जुनी पोथी
'लोकांचे काम' ही चर्चच्या माहितीपत्रकांतली आवडती व्युत्पत्ती आहे, पण अर्धीच खरी. अथेन्समध्ये लेइतुर्गिया म्हणजे श्रीमंत नागरिकाने पदरमोड करून सगळ्यांसाठी उचललेला भार: नाट्यमहोत्सवातल्या गायकवृंदाचा खर्च, किंवा वर्षभर एका युद्धनौकेची देखभाल. म्हणजे लोकांनी केलेले नव्हे, लोकांसाठी केलेले. 'लोककार्य' म्हटले की वाचकाला नगरसेवकाचा वाढदिवसाचा फलक दिसेल.

नव्या करारात हा शब्द कुठे कुठे येतो ते पाहा. लूक १:२३ मध्ये याजक जखऱ्याची मंदिरातल्या सेवेची पाळी. २ करिंथ ९:१२ मध्ये यरुशलेमच्या गरिबांसाठी गोळा केलेली वर्गणी. फिलिप्पै २:३० मध्ये तुरुंगातल्या पौलाला एपफ्रदीताने केलेली मदत. रोम १३:६ मध्ये तर कर घेणारे अधिकारी देवाचे 'लेइतुर्गोई' आहेत. मंदिर, वर्गणी, तुरुंगातली मदत, करवसुली. या यादीला पुरेल असा मराठी शब्द 'सेवा'च आहे, नगरींशी इथे सहमत. हसू आले तर येऊ द्या.

मांडवी
गोव्यात हा प्रश्नच नाही. मीस (मिस्सा), लादाइन (लितानी), तेर्स (रोझरी), बेसांव (आशीर्वाद). जे जसे आले तसे ठेवले, अर्थ वापराने भरला. तुम्ही मराठीवाले आधी संस्कृत शब्द पाडता आणि मग त्यात काय भरायचे यावर भांडता.

पण क्रियापद बघा. कोंकणीत 'मीस आयकप', मीस ऐकायची. पोर्तुगीजमध्येही तसेच. पाद्री लॅटिनमध्ये म्हणणार, लोक ऐकणार किंवा तेवढ्या वेळात तेर्स म्हणणार. ४ डिसेंबर १९६३ ला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा उपासनेबद्दलचा मूलभूत दस्तऐवज मंजूर झाला, लोकांच्या भाषेला दार उघडले, आणि शिकवण बदलली: लोकांनी जाणतेपणी, सक्रिय भाग घ्यायचा. क्रियापद मात्र अजून 'आयकप'च. नाम बदलून काही होत नाही हो, आधी क्रियापद बदला.

वाडवळ
मांडवी, +१. मराठीत 'मिस्सा झाली', 'मिस्सेला गेलो', 'मिस्सा चुकली' हे सर्रास. 'मिस्सा केली' असे सामान्य माणूस स्वतःबद्दल म्हणत नाही, ती फादर करतात. 'साजरी करणे' छापात येते, पण त्याने वाढदिवसाचा वास येतो. 'अर्पणे' सगळ्यात बरे, कारण अर्पणात लोकांचा हात खरोखर असतो: रोटी, द्राक्षारस आणि दान लोकांमधूनच वेदीकडे जाते, आणि रोटी वर धरताना जी प्रार्थना होते तीत ती जमिनीचे फळ आणि माणसाच्या हातचे काम आहे असा उल्लेख असतो. काम वेदीवर जाते ते तिथे. पत्रकात हे घ्याच.

चारपानी
घेतो. शीर्षकाचे काय?

खडूस
मुळात 'मिस्सा', 'साक्रामेंत' हे परके शब्द ठेवायचेच कशाला? ख्रिस्तयाग आहे, संस्कार आहे. चारशे वर्षांपूर्वी फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने ख्रिस्तपुराण ओवीत लिहिले, १६१६ साली छापले, आणि स्वर्गाला बेधडक वैकुंठ म्हटले. ना. वा. टिळकांनी भजन-कीर्तन चर्चमध्ये आणले. तेव्हा धर्म बुडाला नाही.

नगरी
पंडिता रमाबाईंचे मत नेमके उलटे होते. हिब्रू-ग्रीक शिकून त्यांनी बायबलचे वेगळे भाषांतर केले, त्यामागे प्रचलित भाषांतरातल्या संस्कृतप्रचुर, दुसऱ्या धर्माच्या कल्पना ओढून आणणाऱ्या शब्दांबद्दलची तक्रार होती. त्या स्वतः पुराणिक होत्या. कोणता शब्द आपल्याबरोबर काय घेऊन येतो हे त्यांना टिळकांइतकेच ठाऊक होते. दोघेही संस्कृत जाणणारे, दोघेही धर्मांतरित, आणि निष्कर्ष दोन टोकांचे. तेव्हा 'धर्म बुडाला नाही' एवढ्याने वाद मिटत नाही.

'याग' शब्दालाच प्रॉटेस्टंट अडतील, तेही परका म्हणून नव्हे. ख्रिस्ताचे बलिदान एकदाच झाले, दर रविवारी याग कसला, हा चारशे-पाचशे वर्षांचा वाद आहे. म्हणून ते 'प्रभुभोजन' म्हणतात, १ करिंथ ११:२० मधला शब्द. शब्द निवडला की धर्मशास्त्र निवडले जाते.

जुनी पोथी
हेच पाचव्या शतकात अक्विटेनच्या प्रॉस्पर या ख्रिस्ती लेखकाने म्हटले: प्रार्थनेच्या नियमाने श्रद्धेचा नियम ठरावा. पुढे ते 'लेक्स ओरांदी, लेक्स क्रेदेंदी' असे आटोपशीर झाले, आणि अलीकडे कुणी 'लेक्स विवेंदी', जगण्याचा नियम, असे तिसरे शेपूट लावतात. मराठीत 'जशी प्रार्थना तशी श्रद्धा' बरे वाटते, पण मूळ वाक्यात 'तशी असते' नाही, 'तशी ठरावी' आहे. 'जशी-तशी' केले की तो नियम न राहता म्हण होते.

चारपानी, तुमच्या कामाचे म्हणजे २००८ मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी मिस्सेच्या शेवटी निरोपाची आणखी काही वाक्ये मंजूर केली. त्यांतले एक: शांतीने जा, आपल्या जीवनाने प्रभूचा गौरव करा. ब्रियांचा मुद्दा एका ओळीत, आणि कुठेही 'लिटर्जी' शब्द नाही. शीर्षकात हेच वळण घ्या, नामाचा हट्ट सोडा.

चारपानी
'उपासना उंबऱ्याबाहेर' कसे वाटते?

मांडवी
वाचायला छान. पण पत्रकात सामुदायिक प्रतिसाद असेल तर तोंडाने म्हणून बघा. जमावाच्या तोंडी एका दमात आठ-दहा अक्षरे बसतात. 'प्रभो, आमची प्रार्थना ऐक' इथपर्यंत सूर एकत्र राहतो. त्याहून लांब केले की पुढचे बाक आधी संपवते, मागचे रेंगाळते, आणि शेवटचा शब्द फक्त पेटीवाल्याला ऐकू येतो. 'ऱ्या'सारखे जोडाक्षर मध्ये आले की तिथेच अडखळ. 'उंबऱ्याबाहेर' शीर्षकात ठेवा, प्रतिसादात नको.

वाडवळ
आणि स्वल्पविरामांवर विसंबू नका. कागदावरचा स्वल्पविराम जमाव पाळत नाही, ओळ जिथे मोडते तिथे थांबतो. ओळ अर्थाच्या जागीच मोडा.

खडूस
वर कुणी 'रोटी' लिहिले, बायबलात 'भाकर' आहे. 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे.' हा खरा मराठी शब्द. वेदीवरही भाकरच म्हणा.

वाडवळ
प्रार्थनेत भाकर सुंदर आहे, वेदीवर अडचणीची. कॅथलिक कायद्याचा नियम ९२४: रोटी निव्वळ गव्हाची आणि ताजी. लॅटिन परंपरेत ती बिनखमिराची लागते, म्हणून 'पाव'ही बाद. ज्वारी-बाजरीची चालत नाही. आणि महाराष्ट्रात भाकर म्हटले की ताटात ज्वारी-बाजरीच येते. ग्लुटेन न सोसणाऱ्यांसाठी कमी ग्लुटेनची ओस्ती (विधीतली पातळ रोटी) चालते, अजिबात ग्लुटेन नसलेली चालत नाही, हे रोमने २०१७ मध्ये पुन्हा कळवले. द्राक्षारसही द्राक्षाचाच, त्यात पाण्याचे थेंब. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत साधा पाव आणि न आंबवलेला रस चालतो, ऑर्थोडॉक्स खमिराची रोटी घेतात. तीन परंपरा, आणि मराठी बायबलात तिन्हींना एकच 'भाकर'.

नगरी
मग तर 'भाकर'च ठेवा. करिंथमध्ये कोणी भुकेला राहिला आणि कोणी पिऊन तर्र झाला, म्हणून पौल रागावला. गहू की ज्वारी म्हणून नव्हे. ज्याच्या घरी ज्वारी पिकते त्याला वेदीवरची रोटी त्याच्या घरची वाटली पाहिजे, नाहीतर चारपानींचा 'उंबरा' कसा ओलांडणार?

वाडवळ
भावना मान्य, पण गव्हाचा नियम भावनेवर चालत नाही.

चारपानी
मंडळी, शीर्षक उद्या छपाईला जायचे आहे.

निरुक्ती
'रोजची भाकर' मधले 'रोजची' हेच मुळात शंकास्पद आहे बरं का. ग्रीक 'एपिउसिओस' हा शब्द प्रभूच्या प्रार्थनेबाहेर जवळजवळ सापडतच नाही. बायबलचे लॅटिन करणाऱ्या जेरोमने लूकमध्ये 'रोजची' केले आणि मत्तयमध्ये त्याच शब्दाचे 'सत्त्वापलीकडची' अशा अर्थाचे लॅटिन केले.

जुनी पोथी
एक मत 'उद्याची' असेही आहे, 'एपिउसा' म्हणजे येणारा दिवस. 'उद्याची भाकर आज दे'. रोजंदारीवरच्या माणसाला हा अर्थ लगेच कळेल. यावर वेगळा धागा काढावा.

खडूस
वेगळा कशाला, इथेच चालू द्या.