मदत हवी आहे: बाहुली गावात शिवतो, मग डोळ्यांवर बाहुलीचे शुल्क का?

गोधडीवाली (दारव्हा)
नमस्कार. आमचा महिला बचत गट कापडी भुलाबाई-भुलोजींच्या जोड्या शिवतो. त्यांचे डोळे आणि केस या वर्षी प्रथमच आम्ही थेट चीनमधून मागवले. माल आठ दिवसांपासून बंदरावर अडकून पडला आहे. आमच्या एजंटने सगळा माल सीमाशुल्क दरसूचीतील ९५०३ या खेळणी-बाहुल्यांच्या शीर्षकाखाली दाखवला असून त्यावर ७० टक्के मूळ सीमाशुल्क लागेल, असे तो सांगतो. आलेल्या खोक्यांत एकही बाहुली नाही, बाहुली तर आम्ही इथे गावात करतो. भाद्रपद पौर्णिमा तोंडावर आली आहे आणि जागेचे भाडे रोज चढत आहे, तेव्हा योग्य कोड कोणता, एवढेच कृपया सांगावे.

हिशेबनीस (वर्धा)
ताई, कोड विचारलात, पण वस्तू काय आहे तेच लिहिले नाही. डोळे प्लास्टिकचे आहेत की काचेचे? उघडझाप करणारे आहेत की साधे? केस म्हणजे तयार टोप आहेत की नुसता गठ्ठा? बीजकावर वर्णन काय आहे, आणि बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचे सीमाशुल्क खात्याला द्यायचे घोषणापत्र, दाखल झाली आहे का? एवढे कळल्याशिवाय कोणी कोड सांगितला, तर तो अंदाजच समजावा.

इतवारीचा गिऱ्हाईक (काटोल)
मी स्वतः खेळणी मागवत असे. फेब्रुवारी २०२० च्या अर्थसंकल्पात शुल्क २० टक्क्यांवरून ६० झाले, तेव्हाच मी तो नाद सोडला. २०२३ मध्ये ते ७० झाले. तुम्ही दिल्लीच्या सदर बाजारातून नाही तर नागपूरच्या इतवारीतून डोळे घ्या, कटकट मिटेल.

गोधडीवाली (दारव्हा)
भाऊ, माल येऊन पडला आहे. आता इतवारीत जाऊन काय करू?

नियमवाचक (मलकापूर)
त्याआधी एक महत्त्वाची बाब. खेळण्यांचा गुणवत्ता नियंत्रण आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू असून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह आवश्यक आहे. विकास आयुक्त (हस्तशिल्प) यांच्याकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी बनवलेल्या वस्तूंना त्यातून सूट आहे. तुमच्या गटातील बायांची अशी नोंदणी आहे काय?

अकोल्याचे आजोबा
मूळ गृहीतकच चुकीचे आहे. भुलाबाई म्हणजे पार्वती आणि भुलोजी म्हणजे शंकर. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली ज्यांच्यापुढे रोज गाणी म्हणतात, त्यांना बाहुली म्हणता येणार नाही. ती मूर्ती आहे. आमच्या लहानपणी ती मातीचीच असे. तुमच्या एजंटला हे समजावून सांगा.

हिशेबनीस (वर्धा)
आजोबा, भुलाबाई आयात झालेलीच नाही. खोक्यात फक्त तिचे डोळे आहेत.

गोधडीवाली (दारव्हा)
एजंटकडून तपशील घेतला. डोळे दोन प्रकारचे आहेत. पहिले १२ मिलिमीटरचे प्लास्टिकचे, मागे दांडी आणि वॉशर असलेले. दुसरे काचेचे, सुटे, अर्धगोल, त्यांना कसलीही यंत्रणा नाही. केस नायलॉनचे आहेत, एकेक किलोच्या गठ्ठ्यांत. शिवाय दाबले की आवाज करणाऱ्या डब्या आहेत. बीजकावर सगळ्यांसाठी एकच ओळ आहे, ‘टॉय अॅक्सेसरीज’. बिल ऑफ एंट्री दाखल आहे, शुल्क अजून भरलेले नाही.

हिशेबनीस (वर्धा)
आता बोलता येईल. दरसूचीच्या ९५व्या, म्हणजे खेळण्यांच्या अध्यायाच्या तिसऱ्या टिपेप्रमाणे, जे भाग केवळ किंवा मुख्यतः त्या अध्यायातील वस्तूंसाठीच योग्य असतात, ते त्या वस्तूंबरोबरच वर्गीकृत होतात. शीर्षकांच्या स्पष्टीकरणात बाहुलीची डोकी, हातपाय, डोळे, आवाजाची यंत्रणा, टोप, कपडे आणि पादत्राणेही ९५०३ मध्येच धरली आहेत. त्यामुळे प्लास्टिकचे डोळे आणि आवाजाच्या डब्या यांबाबत तुमचा एजंट बरोबर आहे, हे ऐकायला कितीही कडू लागले तरी. परंतु त्याच वाक्यात एक अपवाद आहे. काचेचे न बसवलेले डोळे तिथून वगळून काचेच्या वस्तूंच्या ७०१८ या शीर्षकाकडे पाठवले आहेत, आणि कृत्रिम अवयव नसलेले काचेचे डोळे ७०१८ च्या मूळ शब्दरचनेतच नमूद आहेत. केसांचा टोप असता तर ९५०३ टळले नसते. गठ्ठा मात्र टोप वगैरे करण्यासाठी तयार केलेल्या तंतूंच्या ६७०३ या शीर्षकात बसवण्याचा युक्तिवाद करता येतो.

प्लास्टिकपंडित (चिखली)
मी सहमत नाही. प्लास्टिकचे डोळे प्लास्टिकच्या इतर वस्तूंच्या ३९२६ या शीर्षकात गेले पाहिजेत. माझ्या भाच्याने किल्ल्यांच्या साखळीसाठी असेच डोळे आणले होते आणि ते ३९२६ मध्येच सुटले.

हिशेबनीस (वर्धा)
३९व्या, म्हणजे प्लास्टिकच्या अध्यायाच्या टिपांतच ९५व्या अध्यायातील वस्तू वगळलेल्या आहेत. भाच्याचा माल सुटला, म्हणजे वर्गीकरण योग्य होते असे ठरत नाही. तो माल साखळीसाठी होता. इथे बीजकच ‘टॉय’ म्हणत आहे, तेव्हा हे डोळे मुख्यतः खेळण्यांसाठी नाहीत, असे ताई कोणत्या तोंडाने सांगणार?

इतवारीचा गिऱ्हाईक (काटोल)
मग पुढच्या वेळी बीजकावर ‘शिवणकामाचे साहित्य’ लिहून घ्यावे. काम फत्ते.

नियमवाचक (मलकापूर)
कृपया असले सल्ले देऊ नयेत. माल घोषित वर्णनाशी जुळला नाही, तर सीमाशुल्क कायद्याच्या कलम १११(एम) खाली तो जप्तीस पात्र ठरतो आणि दंड वेगळा भरावा लागतो. तो गटातील बायांनी कुठून भरायचा?

प्लास्टिकपंडित (चिखली)
अमेरिकेत तर २००३ मध्ये न्यायालयाने एक्स-मेन या कॉमिकमधील पात्रांच्या आकृत्या माणसांच्या नाहीत म्हणून त्या बाहुल्या नव्हेत, खेळणी आहेत, असे ठरवले होते. तेव्हा तिथे बाहुल्यांवर १२ टक्के आणि खेळण्यांवर ६.८ टक्के शुल्क होते.

हिशेबनीस (वर्धा)
किस्सा छान आहे, पण उपयोगाचा नाही. पूर्वी बाहुल्या ९५०२ मध्ये होत्या. आंतरराष्ट्रीय कोड-पद्धतीच्या २००७ च्या सुधारणेत त्या खेळण्यांसह ९५०३ मध्ये आल्या, त्यामुळे आपल्याकडे तो वाद उरत नाही. स्पष्टीकरणात शोभेच्या बाहुल्याही त्यातच धरल्या आहेत. आजोबांनीही याची नोंद घ्यावी.

ताई, आता काय करायचे ते सांगतो. पुरवठादाराकडून प्रत्येक वस्तूची वेगळी ओळ, तिचे साहित्य, संख्या आणि किंमत दाखवणारे पत्र आजच मागवा. एजंटकरवी कलम १४९ खाली बिल ऑफ एंट्रीत दुरुस्तीचा अर्ज करा, म्हणजे काचेचे डोळे आणि केस वेगळ्या ओळींत येतील. अधिकाऱ्यांनी तुमच्या कोडाविरुद्ध फेरआकारणी केली आणि ती तुम्हाला मान्य नसेल, तर कलम १७(५) प्रमाणे त्यांना १५ दिवसांत कारणांसह आदेश द्यावा लागतो. त्यावर ६० दिवसांत आयुक्तांकडे अपील करता येते. प्रश्न लांबणार असे दिसले तर कलम १८ खाली तात्पुरत्या आकारणीने माल सोडवण्याची विनंती करा. सण सरल्यावर हातात आलेल्या डोळ्यांचा काय उपयोग? गटाची जीएसटी नोंदणी असल्यास आयातीवर लागणाऱ्या आयजीएसटीची (एकात्मिक जीएसटी) वजावट मिळेल, मूळ सीमाशुल्काची मिळणार नाही, हे दर ठरवताना ध्यानात ठेवा.

नियमवाचक (मलकापूर)
पुढील मागणीपूर्वी मुंबईच्या अग्रिम निर्णय प्राधिकरणाकडून कोड ठरवून घेता येईल. हस्तशिल्प नोंदणीचा माझा प्रश्न मात्र अजून अनुत्तरित आहे.

गोधडीवाली (दारव्हा)
नोंदणी सहा जणींची आहे, बाकीच्यांची नाही. दुरुस्तीचा अर्ज आज गेला. अधिकाऱ्यांनी काचेच्या डोळ्यांचा नमुना मागवला आहे. आवाजाच्या डब्यांवरचे ७० टक्के आम्ही भरतो. त्या मागवायला नको होत्या, भुलाबाईला कोण दाबून पाहणार?

अकोल्याचे आजोबा
हेच मी सांगत होतो.